लोखंडाची बॅटरी आणि एडिसन यांची दहा वर्षांची तपासणी

शिरगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक श्री लईराई देवीची जत्रा आणि दुसरी लोहखनिजाच्या खाणी. लोखंडाने आपल्या गावाला काय दिले आणि आपल्याकडून काय घेतले, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आज ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्या थॉमस आल्वा एडिसन यांचाही लोखंडाशी दोनदा संबंध आला. पहिल्यांदा त्यात त्यांचा पैसा बुडाला. दुसऱ्यांदा लोखंडापासूनच त्यांनी पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी तयार केली.

एडिसन यांचे नाव निघाले की आपण बल्ब आणि ग्रामोफोन यांच्याविषयी बोलतो. बॅटरीची हकिकत फारशी सांगितली जात नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य बँकेत गेले. त्यामुळे मला त्यांच्या चरित्रातला हाच भाग अधिक भावतो. बाजारात गेलेला स्वतःचा माल मोजून पाहणे, मोजमाप विरुद्ध गेले तर विक्री थांबवणे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे, हे त्यांनी वयाच्या साठीच्या आसपास केले.

एडिसन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या मिलान या गावी झाला. ते भावंडांत सर्वांत धाकटे. ते सात वर्षांचे असताना कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन येथे राहायला गेले. शाळा त्यांना मानवली नाही. जेमतेम काही महिने ते वर्गात बसले असतील. आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होत्या, त्यांनी मुलाला घरीच शिकवले. बाराव्या वर्षी हा मुलगा रेल्वेत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यातच त्याने छोटी प्रयोगशाळा थाटली होती. लहानपणापासून त्यांना ऐकू कमी येत असे आणि पुढे ते वाढतच गेले.

१८६२ मध्ये त्यांनी एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळांवरून ओढून वाचवले. उपकार म्हणून त्या गृहस्थाने त्यांना तारायंत्र शिकवले. बॅटरीशी त्यांची ओळख झाली ती इथे. त्या काळी तारायंत्र चाले ते काचेच्या भांड्यांत रसायने भरून केलेल्या बॅटऱ्यांवर. चरित्रकार एक किस्सा सांगतात. १८६७ मध्ये लुइव्हिल येथील तार कार्यालयात रात्रपाळीला असताना एडिसन बॅटरीवर प्रयोग करत होते. ॲसिड सांडले, फळ्यांच्या फटीतून खाली झिरपले आणि थेट साहेबांच्या टेबलावर पडले. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत आहे. १८६९ मध्ये त्यांना मते नोंदवण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले, पण ते यंत्र कोणी घेतले नाही. १८७६ मध्ये न्यूजर्सीतील मेन्लो पार्क येथे प्रयोगशाळा उभी राहिली, १८७७ मध्ये फोनोग्राफ झाला आणि १८७९ मध्ये टिकणारा विजेचा दिवा. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट वीज केंद्रातून गिऱ्हाइकांना वीज मिळू लागली.

वीज विकायची म्हणजे ती मोजायला हवी. तांदूळ मापाने मोजता येतो, तारेतून गेलेली वीज कशी मोजणार? एडिसन यांनी त्यासाठी रासायनिक मीटर बनवला. एका भांड्यात जस्ताच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. गिऱ्हाइकाच्या विजेचा अगदी लहान, पण ठरलेला हिस्सा त्या भांड्यातून जाई. वीज जाईल तसे एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर जाऊन बसे. महिन्याच्या शेवटी माणूस येऊन पट्ट्या घेऊन जाई, त्या काट्यावर तोलल्या जात आणि वजनातल्या फरकावरून बिल निघे.

पहिल्या गिऱ्हाइकांत जे. पी. मॉर्गन यांची पेढी होती. असा किस्सा आहे, की पेढीला या मीटरचा भरवसा वाटेना. मग प्रत्येक दिव्याजवळ कागद लावून तो केव्हा लावला आणि केव्हा विझवला हे लिहायचे ठरले. महिनाअखेर बेरीज केली तर मीटरचा आकडा बराच जास्त निघाला. एडिसन यांनी मीटरची बाजू घेऊन वाद घातला नाही. संध्याकाळी कार्यालय बंद झाल्यावर तिथे कोण असते, एवढे त्यांनी विचारले. झाडलोट करणारा माणूस रोज रात्री दिवे लावून काम करत होता आणि त्याची नोंद कोणीच ठेवली नव्हती. पुढच्या महिन्यात ते तास धरले तेव्हा दोन्ही आकडे जुळले. बँकेत दोन वह्यांची शिल्लक जुळत नसली की आम्हीही प्रथम न नोंदलेली रक्कम शोधत असू.

आता बॅटरीकडे वळू. पुन्हा चार्ज करता येणारी पहिली व्यवहार्य बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लाँते यांनी बनवली. शिशाचे पत्रे आणि गंधकाचे ॲसिड, एवढेच तिचे साहित्य. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची रीत काढली आणि बॅटरी कारखान्यात बनू लागली. आपल्या मोटारीत आणि बहुतेक इन्व्हर्टरला आजही हिचीच वंशज असते. एडिसन यांना मात्र ती आवडली नाही. १८८३ च्या सुमारास अशा बॅटऱ्यांच्या कंपन्यांचे शेअर विकण्याची लाट आली होती. त्यात लोकांची फसवणूकच जास्त आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले होते. शिसे जड, ॲसिड पत्रे खाणारे आणि वचने मोठी, हा त्यांचा आक्षेप.

१८९० च्या दशकात ते लोखंडाच्या मागे लागले. न्यूजर्सीतील ऑग्डन येथे हलक्या प्रतीचे खनिज फोडायचे, त्याची भुकटी करायची आणि चुंबकाने लोखंड वेगळे काढायचे, असा मोठा कारखाना त्यांनी उभारला. यंत्रे चालली, पण भाव चालला नाही. मिनेसोटातील मेसाबी भागात उत्तम प्रतीचे आणि काढायला सोपे खनिज सापडले आणि लोखंडाचे दर कोसळले. वीस लाख डॉलरहून अधिक पैसा बुडाला. खनिजाचा भाव पडला म्हणजे काय होते, हे शिरगावात कोणाला समजावून सांगायला नको.

पन्नाशी उलटलेली, भांडवल गेलेले. अशा वेळी, १८९९ मध्ये, एडिसन यांनी बॅटरीचे काम हाती घेतले. त्या काळी अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींपैकी एक तृतीयांशाहून अधिक मोटारी विजेवर चालत होत्या. आज विजेच्या गाड्या नव्या वाटतात, पण तेव्हाही त्यांची स्पर्धा पेट्रोल आणि वाफेशी होती. त्यांची दुबळी बाजू म्हणजे शिशाची जड बॅटरी. ॲसिडाऐवजी अल्कली, म्हणजे क्षार वापरला तर लोखंडासारखा धातू टिकेल आणि बॅटरी हलकी व दणकट होईल, असा एडिसन यांचा विचार होता. स्वीडनचे वाल्देमार युंगनर हेही त्याच सुमारास निकेल आणि अल्कली यांच्या बॅटरीवर काम करत होते. पुढे दोघांत पेटंटवरून वाद झाला. या शोधाचे श्रेय देताना युंगनर यांचे नाव वगळणे अन्यायाचे होईल.

कोणते दोन धातू, कोणत्या रूपात आणि किती प्रमाणात, हे शोधण्यासाठी वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत छोट्या सेलच्या रांगा मांडलेल्या असत. प्रत्येक सेल चार्ज करायचा, रिकामा करायचा, आकडे लिहायचे आणि पुन्हा चार्ज करायचा. हे काम दिवसरात्र चाले. त्यांचे सहकारी वॉल्टर मॅलरी यांनी लिहून ठेवले आहे, की प्रयोगांची संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली तेव्हा इतक्या कष्टांतून काही हाती लागले नाही याची त्यांना हळहळ वाटली. एडिसन यांचे उत्तर उलट होते. काय चालत नाही अशा हजारो गोष्टी आता ठाऊक झाल्या, हेही त्यांच्या लेखी हाती लागणेच होते. ही गोष्ट बहुधा बल्बच्या नावावर सांगितली जाते, पण ती बॅटरीची आहे.

शेवटी एका बाजूला निकेलचे संयुग, दुसऱ्या बाजूला लोखंड आणि मध्ये पोटॅशचा क्षार, अशी रचना ठरली. मे १९०१ मध्ये आर्थर केनेली यांनी ही बॅटरी अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. १९०२ मध्ये एडिसन यांनी स्वतः एका मासिकात लेख लिहून विजेच्या मोटारीचे दिवस आल्याचे सांगितले. १९०३ च्या सुमारास माल बाजारात जाऊ लागला. वर्तमानपत्रांनी तर बॅटरीचा प्रश्न सुटल्याचेच जाहीर केले. इतरांच्या मोठ्या वचनांवर वीस वर्षांपूर्वी टीका करणारे एडिसन आता स्वतः मोजमापाच्या पुढे जाऊन बोलत होते.

माल नवा असताना त्यांच्या बॅटऱ्या छान चालत. काही महिन्यांनी तक्रारी येऊ लागल्या. डाग दिलेल्या सांध्यांतून क्षार गळत होता. त्याहून वाईट म्हणजे काही सेल भरल्यासारखे दिसत, पण पूर्वीइतका वेळ टिकत नसत. पूर्वी पाच तास चालणारा सेल चारच तास चालू लागला, तर ते बाहेरून कळत नाही. ते कळते फक्त मोजून.

इथे थोडे तंत्र समजून घ्यावे लागेल. शिशाच्या बॅटरीत ॲसिड स्वतः रासायनिक क्रियेत भाग घेते. बॅटरी रिकामी होते तसे ॲसिड पातळ होते. म्हणून हायड्रोमीटर, म्हणजे आत तरंगणारी काचेची नळी असलेले साधन, बुडवून बॅटरी किती भरली आहे हे सांगता येते. आपल्याकडचे मेकॅनिक याला ग्रॅव्हिटी बघणे म्हणतात. एडिसन यांच्या बॅटरीत क्षाराचे पाणी जवळजवळ तसेच राहते. ती भरलेली असो वा रिकामी, हायड्रोमीटर तोच आकडा दाखवतो. व्होल्टमीटरही फारशी मदत करत नाही, कारण सेलचा दाब बराच वेळ १.२ व्होल्टच्या आसपास राहतो आणि शेवटी एकदम उतरतो. म्हणजे दोन्ही सोपी साधने इथे निरुपयोगी. उरतो तो एकच मार्ग. सेल पूर्ण भरा, ठरलेल्या अँपिअरने रिकामा करा आणि घड्याळ लावून किती तास चालला ते पाहा. अँपिअर गुणिले तास, हीच त्याची खरी कुवत. असे पुन्हा पुन्हा करून आकडे उतरत आहेत का ते पाहायचे. या तपासणीला आडवाट नाही, तिला लागेल तितका वेळ द्यावाच लागतो.

या आकड्यांनी दोष उघडा पाडला तेव्हा गिऱ्हाईक तुटलेले नव्हते. दोष असूनही कित्येकांना ती बॅटरी हवी होती आणि मागणी येत होती. तरीही १९०४ च्या अखेरीस एडिसन यांनी उत्पादन थांबवले. सदोष माल परत घेतला आणि त्याचा भुर्दंड स्वतः सोसला. दरम्यान आणखी पाच वर्षे गेली. या सर्व खटपटीत दहा लाख डॉलरच्या वर खर्च झाला. कारखाना बंद, पगार चालू आणि विकायला माल नाही, अशी पाच वर्षे काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी कर्जदारांचे ताळेबंद पाहिले आहेत त्यांना कळेल.

दोष दोन ठिकाणी होता. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहावी म्हणून त्यात ग्रॅफाइट मिसळलेले असे. ते कालांतराने झिजे आणि आतला संपर्क तुटे. त्याऐवजी निकेल धातूचे अतिशय पातळ पापुद्रे वापरायचे ठरले. हे पापुद्रे कापून मिळत नव्हते. तांब्याचा मुलामा, त्यावर निकेलचा, पुन्हा तांब्याचा असे शेकडो थर चढवायचे, त्यांचे बारीक तुकडे करायचे आणि तांबे रसायनात विरघळवून टाकायचे. मागे उरत ते निकेलचे पापुद्रे. हे पापुद्रे आणि निकेलचे संयुग आळीपाळीने भोके असलेल्या पोलादी नळ्यांत ठासून भरत. क्षारात थोडे लिथियमचे संयुग घातले की कुवत वाढते, हेही मोजमापातूनच कळले. पेटीचे सांधे डाग देण्याऐवजी वेल्डिंगने जोडले गेले.

या वेळी घाई नव्हती. बॅटऱ्या यंत्रावर ठेवून लाखो वेळा आपटल्या, गाड्यांत घालून खडबडीत रस्त्यांवर फिरवल्या आणि इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खालीही टाकून पाहिल्या. प्रत्येक वेळी नंतर तीच चाचणी: भरा, रिकामी करा, तास मोजा. १९०९ मध्ये नवी बॅटरी बाजारात आली तेव्हा एडिसन ६२ वर्षांचे होते.

बाजाराने मात्र तेवढी वाट पाहिली नव्हती. १९०८ मध्ये त्यांचेच स्नेही हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी मोटार आली. पुढे पेट्रोलच्या मोटारीला बटणावर चालू होण्याची सोय मिळाली आणि त्यासाठी लागणारी बॅटरी शिशाचीच होती, कारण क्षणात मोठा करंट देण्यात ती सरस. एडिसन यांची बॅटरी महाग होती आणि थंडीत मंदावत असे. मोटारीच्या शर्यतीत ती हरली. पण जिथे रोज काम आणि वर्षानुवर्षे टिकाऊपणा हवा होता तिथे तिने जम बसवला: मालवाहू विजेच्या गाड्या, रेल्वेचे सिग्नल, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे. तिच्यावर गालबोटही लागले. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ई-२ या पाणबुडीत एडिसन बॅटऱ्यांवर काम चालू असताना साचलेल्या हायड्रोजन वायूचा स्फोट झाला आणि काही माणसे दगावली. बॅटरीतून वायू निघतो आणि तो बाहेर जायला वाट लागते, हा धडा फार महागात मिळाला.

एडिसन यांचे निधन १८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथे झाले. त्यांच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंटे आहेत. मुंबईत जन्मलेले आपले मराठी संशोधक डॉ. शंकर आबाजी भिसे यांची आणि त्यांची भेट त्याच्या आदल्याच वर्षी, १९३० मध्ये झाली होती. भिसे यांना भारताचे एडिसन म्हणत, आणि त्यांनीही अमेरिकेतच अखेरचा श्वास घेतला. एडिसन गेल्यावरही त्यांची बॅटरी चालूच राहिली. अमेरिकेतील तिचे उत्पादन १९७५ मध्ये थांबले, म्हणजे ती बाजारात आल्यावर तब्बल ६६ वर्षांनी.

आता आपल्या घरातल्या बॅटरीविषयी थोडे. पावसाळ्यात डिचोली तालुक्यात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. घरोघरी इन्व्हर्टर आले आहेत, आणि बॅटरी गेली की विक्रेता सांगेल ते मान्य करायचे, अशी आपली रीत. त्याऐवजी तीन गोष्टी आपणच करू शकतो.

पहिली, व्होल्टेज. चार्जिंग बंद करून बॅटरी काही तास निवांत ठेवा आणि मग मल्टिमीटर लावा. शिशाची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास आकडा येतो, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. चार्जिंगवरून काढल्या काढल्या मोजले तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर विसंबू नये.

दुसरी, ग्रॅव्हिटी. पाणी घालायची बॅटरी असेल तर माहितगाराकडून सहाही सेलची ग्रॅव्हिटी तपासून घ्या आणि लिहून ठेवा. भरलेल्या बॅटरीत ती बनावटीनुसार १.२४ ते १.२८ असते. पाच सेल सारखे आणि एकच ०.०५ ने खाली, असे दिसले तर तो सेल आजारी आहे. ॲसिड डोळ्यांत किंवा अंगावर उडू देऊ नका आणि मुलांना दूर ठेवा.

तिसरी आणि सर्वांत खरी, तीच एडिसन यांची. बॅटरी पूर्ण भरा, वीज असतानाच मेन बंद करा, ठरलेले दोन पंखे आणि ठरलेले दिवे लावा आणि इन्व्हर्टर बंद पडण्याची सूचना देईपर्यंत किती वेळ गेला ते पाहा. नवी बॅटरी आणल्या आणल्या एकदा आणि मग दर सहा महिन्यांनी, तेच पंखे, तेच दिवे. मोठ्या आस्थापनांत कुवत मुळच्या ८० टक्क्यांखाली आली की बॅटरी बदलण्याचा दंडक असतो. घरात आपण थोडे अधिक सोसू शकतो, पण घरात कोणी आजारी असेल आणि रात्री यंत्र चालवावे लागत असेल तर सोसू नये. नव्या लिथियम बॅटऱ्यांनाही हीच चाचणी लागू पडते. त्यांत हायड्रोमीटर चालत नाही आणि व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखे दिसते, अगदी एडिसन यांच्या बॅटरीसारखे.

आणखी एक. पाण्याची बॅटरी बंद कपाटात किंवा देवघराच्या बाजूला ठेवू नका. समई, उदबत्ती आणि हायड्रोजन यांची सोबत बरी नव्हे.

बॅटरी विकत घेतल्याची तारीख आणि प्रत्येक चाचणीचा वेळ एका जुन्या वहीत लिहून ठेवला, तर वॉरंटीच्या काळात विक्रेत्याशी बोलताना आपल्या हातात आकडे असतील. चतुर्थीच्या आधी एकदा ही चाचणी करून पाहा. आरतीच्या वेळी वीज गेली तर अंधारात चाचपडायची वेळ येणार नाही.